वऱ्हाडी बाईच्या तोंडी साताऱ्याचं वाक्य

तुम्ही पुण्यात वाढलेल्या. एकांकिकेत तुम्हाला अमरावतीकडच्या पन्नाशीतल्या बाईची भूमिका मिळाली आहे, तालमीला तीन आठवडे आहेत आणि वऱ्हाडी हेल कसा पकडायचा असं तुम्ही विचारलं आहे. जाता जाता मला स्वतःला मराठीतली कुठली बोली सगळ्यांत आवडते, हेही विचारलंय. मी मूळची अकोट तालुक्यातली, आणि गेली 22 वर्षं नाटकांतल्या आणि मालिकांतल्या नटांकडून बोली बसवून घेण्याचंच काम करते. त्यामुळे दोन्ही प्रश्नांची उत्तरं लांबतील.

आधी तुम्ही पाठवलेल्या संहितेतलं पहिलंच वाक्य घेते: "लय भूक लागलीया बग, जेवाया चल की." हे वाक्य वऱ्हाडी नाही. "लागलीया" हे सातारा-सांगली-कोल्हापूरकडचं रूप. "जेवाया" तिकडचंच. शेवटचा "की" तर थेट पंचगंगेच्या काठचा. "लय" तेवढा दोन्हीकडे चालतो, आणि बहुतेक लेखकाची गल्लत तिथेच झाली. तुमची बाई म्हणेल: "मले लय भूक लागली नं बावा, जेवाले चाल."

ही चूक एकट्या तुमच्या लेखकाची नाही. आपल्या पडद्यावर आणि रंगमंचावर एक "गावाकडची मराठी" तयार झाली आहे. तिच्यात "लय", "रं", "न्हाई", "व्हय" टाकलं की माणूस खेडेगावातला झाला, असं समजतात. ती भाषा महाराष्ट्रातल्या कुठल्याही एका गावात बोलली जात नाही. एका मालिकेच्या संचावर, नाव सांगत नाही, यवतमाळच्या शेतकऱ्याच्या तोंडी "मला ठावं न्हाई" असं होतं. मी "मले नाही मालूम" सुचवलं, तर उत्तर आलं की प्रेक्षकांना ते हिंदी वाटेल. यवतमाळचे प्रेक्षकही मराठीच आहेत, हे मी त्या दिवशी तीनदा सांगितलं. वाक्य बदललं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या शेतकऱ्याचं दुःख त्या वाक्यात होतं आणि ते परक्या भाषेत गेलं.

आता तुम्हाला जे खरं शिकवायचंय ते. बोली शब्दांत कमी आणि क्रियापदात जास्त असते. "पोट्टा", "लेकरू" हे शब्द तुम्ही दोन दिवसांत पाठ कराल. पण "मी करते आहे" हे तुमच्या भूमिकेतली बाई कसं म्हणते, हे पक्कं बसल्याशिवाय ती उभी राहणार नाही. नवीन गावात गेले की माझा कान एकाच प्रश्नावर असतो: समोरच्याला "काय करतोयस?" असं इथे कसं विचारतात? पुण्यात "काय करतोयस". कोल्हापुरात "काय करालाईस". बीड-परभणीकडे "काय करायलास". लातूर-नांदेडच्या काही भागांत "काय करूलालास". धुळ्याच्या अहिराणीत "काय करी ऱ्हायना". मालवणीत "काय करतंस". आणि वऱ्हाड-नागपुरात "काय करून राह्यला". सात ठिकाणं, सात व्याकरणं. ऐकणाऱ्याने हे एवढं एक वाक्य नीट ऐकलं तर बोलणाऱ्याचा जिल्हा बऱ्याचदा सांगता येतो.

यात प्रत्येक रूपाला आपली घडण आहे. नागपूरकडे "राहणे" हे क्रियापद मदतीला घेतलं आहे. शेजारी हिंदीत "कर रहा है" आहेच, अहिराणीतही तीच चाल दिसते. कोल्हापूर आणि मराठवाड्याच्या रूपांत, माझ्या मते, "करायला लागला आहेस" हा आख्खा शब्दसमूह झिजून एका शब्दात बसला आहे. म्हणून "करायलास" म्हणणारा माणूस "करतोयस" चुकीचं म्हणत नसतो. तो वेगळ्या साच्यातून वाक्य काढत असतो. नटाने हे समजून घेतलं की तो बोलीची नक्कल करणं सोडतो आणि तिच्यात वाक्यं तयार करू लागतो. तालमीत आयत्या वेळी संवाद विसरला, तरी मग तो पुण्याच्या मराठीवर येऊन पडत नाही.

"दर बारा कोसांवर भाषा बदलते" असं आपल्याकडे म्हणतात, पण ती सगळीकडे सारख्या वेगाने बदलत नाही. बाजार कुठला, मुली कुठे दिल्या जातात, मधे घाट आहे की नदी, यावर ते ठरतं. आणि राज्यांच्या जुन्या सीमा! या सीमा नकाशावरून गेल्या तरी बोलण्यातून जात नाहीत. मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता; तिथे दफ्तराची आणि शाळेची भाषा उर्दू होती, आणि ती लोकांच्या तोंडी अजून सापडते. नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोर्ट-कचेरी हिंदीच्या सोबतीने चालली. वऱ्हाड निजामाचं; 1853 मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेलं आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं. दक्षिणेला कन्नड आणि मराठी शेकडो वर्षं एका घरात नांदल्यासारख्या राहिल्या. आपण घराघरांत अक्का, अण्णा, अप्पा म्हणतो, ते शब्द कन्नडमधून आलेत हे कितीजणांच्या ध्यानात असतं? सोलापूरच्या बाजारात तर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच दुकानात ऐकू येतात, आणि तिथल्या मराठीच्या ठसक्याला या चौघींचा हातभार आहे.

एक अक्षर घेऊन महाराष्ट्र फिरून या, ते म्हणजे "ळ". देशावर, पुण्या-साताऱ्याकडे, तो ठणठणीत आहे: डोळा, काळा, केळं. वऱ्हाडात आणि खानदेशात शिरा, तो "य" होतो: डोया, काया, केय. अजून पूर्वेला, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत तो "र" होतो: डोरा, कारा. आणि पश्चिमेला रायगड-ठाण्याच्या आगरी-कोळी बोलण्यात "ल": डोला, काला. आगरीत शिवाय "ड"चाही "र" होतो, गाडीची "गारी", घोड्याचा "घोरा". वर्गात हे सांगितलं की कुणीतरी "म्हणजे त्यांना ळ म्हणता येत नाही का" असं विचारतं. मी त्याला "चाक" आणि "चंद्र" म्हणायला लावते. दोन्ही ठिकाणी लिहितो आपण एकच "च", पण उच्चार दोन. बाहेरून आलेल्या माणसाला हा फरक महिनोन्‌महिने जमत नाही. ध्वनी जमण्या-न जमण्याचा बुद्धीशी काही संबंध नाही. लहानपणी कानावर काय पडलं एवढाच त्याचा अर्थ.

तुमच्या भूमिकेसाठी सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आता सांगते, कारण तुमच्या संहितेत ती पूर्ण सुटली आहे. तुमची बाई पन्नाशीची आहे, खेड्यात राहिलेली आहे. ती "मी आले", "मी जाते" म्हणणार नाही. ती "मी आलो", "मी जातो" म्हणेल. वऱ्हाडात जुन्या बायका असंच बोलतात. कोल्हापूरकडच्या बायकाही असंच बोलतात, हे विशेष. मधे एवढा मुलूख असून दोन टोकांना एकच गोष्ट. बाहेरच्याला वाटतं की बाई पुरुषासारखं बोलते. तसं नाही. तिथे "मी"च्या क्रियापदाला स्त्रीलिंग-पुल्लिंग असा भेदच लागत नाही, "आम्ही आलो" म्हणताना पुण्यातही लागत नाही तसाच. "मी" बोलतेय म्हटल्यावर ती बाई आहे हे समोर दिसतंच आहे.

हे मला कळायला फार वेळ लागला. माझी आजी आयुष्यभर "मी येतो वं माय" म्हणत आली. मीही तसंच म्हणायची. पुण्यात शिकायला आले, वसतिगृहात पहिल्या आठवड्यात दारातून "मी आलो" म्हणाले आणि खोलीतल्या मुली हसल्या. वाईट मनाने हसल्या नसतील. पण त्यानंतर मी दोन दिवस जवळजवळ बोललेच नाही, आणि मग तोंडातून निघेल तो प्रत्येक शब्द आधी तपासायची सवय लागली. सुटीत घरी गेले तर आजीसमोरही "मी आले" निघालं. ती काही म्हणाली नाही, फक्त माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. पुढे डेक्कन कॉलेजातल्या भाषाविज्ञानाच्या व्याख्यानांना बसले, तेव्हा पहिल्यांदा कळलं की आजीचं वाक्य अशुद्ध नव्हतं, त्याला नियम होता, आणि तो नियम तिने एकदाही मोडला नव्हता.

शुद्ध-अशुद्ध हे आलं कुठून, तेही थोडक्यात सांगते. आजची प्रमाण मराठी एकोणिसाव्या शतकात पाठ्यपुस्तकांमधून, कोशांमधून घडली. मोल्सवर्थचा कोश 1831चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836चं. ज्यांच्या हाती शिक्षण होतं त्यांच्या घरातली बोली पुस्तकात गेली, आणि पुस्तकातली म्हणून ती शुद्ध ठरली. प्रमाणभाषा असायला माझी हरकत नाही. सरकारी कागद, पाठ्यपुस्तक, बातमी सगळ्यांना कळायला काहीतरी एक हवं. पण मराठीतलं अगदी सुरुवातीचं मोठं गद्य, लीळाचरित्र, तेराव्या शतकात रिद्धपूरला लिहिलं गेलं, आणि रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात आहे. तुमच्या भूमिकेतली बाई त्या गावाच्या आसपासचीच असेल. तिचं बोलणं म्हणजे बिघडलेली पुणेरी, असं मनाशी धरून कृपा करून उभ्या राहू नका. प्रेक्षकांना ते दिसतं. नटाने आवाज बदलायच्या आधी त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

बोली कुठली आणि भाषा कुठली, हा वाद मी टाळते, पण एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. ग्रिअर्सनने भारतीय भाषांचं जे प्रचंड सर्वेक्षण केलं, त्यात मराठीचा खंड 1905चा. पण खानदेशी, म्हणजे अहिराणी, त्यात नाही. ती त्याने भिल्ल बोलींबरोबर दुसऱ्या खंडात ठेवली. धुळ्या-नंदुरबारचा माणूस अहिराणीला आपली मानतो आणि मराठीलाही आपली मानतो, त्याला यात काही अडचण वाटत नाही. "मना भाऊ, तुनी बहीण" म्हणणारा आणि "शे" म्हणजे "आहे" म्हणणारा तो माणूस शाळेत मराठी शिकतो आणि घरी अहिराणी बोलतो. कोकणीचं मात्र वेगळं: ती 1987 मध्ये गोव्याची राजभाषा झाली, 1992 मध्ये आठव्या अनुसूचीत आली. तिला मराठीची बोली म्हणू नका. सिंधुदुर्गातली मालवणी या दोघींच्या मधे उभी आहे, "माका", "तुका", "खंय" कोकणीसारखं आणि बाकी बरंच मराठीसारखं, आणि तिथल्या लोकांना ती फक्त आपली आहे एवढं पुरतं.

माझी आवडती बोली? वऱ्हाडी, आणि ती माझी आहे म्हणूनच. पण ऐकायला सगळ्यांत जास्त काय आवडतं विचाराल तर वऱ्हाडी बायकांचं दुपारचं बोलणं. जेवणं झाली आहेत, ओट्यावर दोघी-तिघी बसल्या आहेत, आणि रस्त्याने जाणारीला हाक जाते: "कुठं जाऊन राह्यली वं माय?" या वाक्यात प्रश्न आहे, पण उत्तराची घाई नाही. "राह्यली"तला "रा" लांबतो, सूर तिथे चढतो, आणि "वं माय"वर येऊन हळूच उतरतो. "माय" इथे आईला म्हटलेलं नाही. ती हाक मैत्रिणीला आहे, लेकीला आहे, अनोळखी बाईलाही आहे. त्यात आधीच तुम्हाला ओट्यावर बसवून घेतलेलं असतं. "बावा"चंही तसंच: पुरुषाला, पोराला, रागात, लाडात, काकुळतीने, सगळीकडे तोच शब्द आणि दरवेळी सूर वेगळा. नुसत्या "बावा"वर मी नटांची एक आख्खी तालीम घेते.

दुसऱ्या क्रमांकाला मालवणी, कारण तिच्यात भांडणसुद्धा तालात होतं. गंगाराम गवाणकरांचं "वस्त्रहरण" आणि मच्छिंद्र कांबळी यांच्यामुळे ती साऱ्या महाराष्ट्राच्या कानावर गेली, ही फार मोठी गोष्ट झाली. तोटा एवढाच झाला की मालवणी म्हटलं की लोक हसायला तयार होऊन बसतात. मालवणीत रडलेली बाई मी ऐकली आहे. तिच्या बोलण्यात हसण्यासारखं काही नव्हतं. वऱ्हाडीवरही तीच वेळ येते आहे. तुमच्या दिग्दर्शकाला एवढं जरूर विचारा की तुमची बाई वऱ्हाडी का बोलते. उत्तर "गंमत येते" असं आलं, तर भूमिका वाचवण्याची जबाबदारी तुमच्यावर आहे.

आता हेल. हेल पाठ करता येत नाही, तो कानात मुरावा लागतो, आणि तीन आठवडे त्याला पुरतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. गावोगावच्या माणसांची ध्वनिमुद्रणं त्यांच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. अमरावती जिल्ह्यातल्या वयस्कर बायकांची निवडा. मालिका आणि विनोदी चित्रफिती हे तीन आठवडे पूर्ण बंद ठेवा, तिथला हेल आधीच वाढवून सांगितलेला असतो. रोज एकाच बाईचा दोन-तीन मिनिटांचा तुकडा ऐका. पहिले चार दिवस शब्दांकडे लक्षच देऊ नका. ओठ मिटून फक्त सूर गुणगुणा, कुठे चढतो, कुठे थांबतो, श्वास कुठे घेते. मग शब्द घाला. पुण्याची जीभ वाक्य लवकर संपवते आणि शेवटचा शब्द खाली टाकते; वऱ्हाडी वाक्य शेवटी "नं"वर किंवा "बावा"वर जरा टेकतं. हा फरक आला की निम्मं काम झालं.

जमलं तर प्रत्यक्ष जा. अचलपूर, चांदूर बाजार, दर्यापूर, कुठेही. गेल्यावर "तुमच्याकडे याला काय म्हणतात" असं विचारत बसू नका. असं विचारलं की माणूस सावध होतो आणि तुमच्यासारखं बोलायला लागतो. मी आधी बसते, चहा घेते, आणि मग विचारते की कपाशी यंदा कशी आहे, किंवा लेकीच्या लग्नात पाऊस आला होता का. गोष्ट सुरू झाली की पाच मिनिटांत पाहुण्यांसाठीची मराठी गळून पडते आणि खरी बोली वर येते. मुद्रण करायचं तर परवानगी आधी घ्या.

एका मुलीबद्दल सांगायचं राहिलं. ती यवतमाळ जिल्ह्यातली, अभिनय शिकायला मोठ्या शहरात गेलेली. तिथे तिला पहिल्या वर्षापासून सांगितलं गेलं की तुझी भाषा आधी स्वच्छ कर. तिने चार वर्षं केली. मग तिला वऱ्हाडी मुलीची प्रमुख भूमिका मिळाली, आणि तिला स्वतःच्या आईसारखं बोलता येईना. शब्द सगळे यायचे, सूर पुण्याचा यायचा. माझ्याकडे आली तेव्हा ती रडत होती. आम्ही काहीच शिकलो नाही. मी तिला रोज रात्री आईला फोन करायला सांगितला, स्वतः कमी बोलायचं आणि आईला बोलतं ठेवायचं. नवव्या की दहाव्या दिवशी तालमीत ती चिडली आणि तिच्या तोंडून निघालं, "काहून ओरडून राह्यले मले?" सगळे गप्प झाले. तिथून पुढे मला तिला काही सांगावं लागलं नाही.

तुम्हाला ती आई नाही, म्हणून कान जास्त तयार करावा लागेल. संहितेतल्या या गोष्टी लेखकाशी बोलून आजच दुरुस्त करून घ्या: "मला-तुला"चं "मले-तुले", "जेवायला-करायला"चं "जेवाले-कराले", "का"चं "काहून" किंवा "कायले", "वेळ"चा "येळ", "विहीर"ची "इहीर", "पाणी"चं "पानी". "या"ने संपणारी "आलीया, गेलीया" सगळी काढा. "रं" काढा. "मी" असलेली वाक्यं मुळात "आलो-जातो" करा, पण तुमच्या एकांकिकेतली कॉलेजात जाणारी मुलगी आहे तिचं "आले-जाते"च ठेवा. आज अमरावतीत शिकलेल्या मुली तसं बोलतात, आणि माय-लेकींतला तो एक फरक प्रेक्षकांना पिढी सांगून जाईल. "ळ"चा "य" मात्र सरसकट करू नका. "डोया", "काया" अशा रोजच्या शब्दांत पुरे. देवाचं नाव घेताना किंवा मास्तरांशी बोलताना ती "ळ" सांभाळायचा प्रयत्न करेल, आणि तो प्रयत्नही ऐकू येऊ द्या.

शेवटच्या प्रवेशात मुलगा घर सोडून जातो, तिथे लेखकाने तिला लिहून दिलंय: "जाऊ नगंस रं बाळा." तिथे "नको जाऊ नं बावा" एवढंच घ्या. "नको"वर जोर देऊ नका, ती आज्ञा होते. "बावा"चा "बा" लांबवा आणि शेवटचा "वा" जवळजवळ गिळा. हे वाक्य दहा वेळा म्हणून मुद्रित करा आणि पाठवा, मी ऐकून सांगते.